देवरीचं वळण आणि वैशालीचे ठिपके

मला जायचंच नव्हतं. हायवेवरच्या अपघातांचा नकाशा वैशालीने केला, शाबासकी तिला मिळाली, आणि ठिपके जागेवर जाऊन तपासायला सोबत मी. कॉलेजपासूनची मैत्रीण, पण आता ऑफिसात सगळे तिच्याच टेबलाशी उभे असतात. तरी गेले. खरं सांगते, एखादी चूक सापडावी असं मनात होतं.

नागपूरहून सकाळच्या रेल्वेने गोंदिया. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले (चुकवू नका) आणि भाड्याची गाडी घेतली. वैशालीच चालवत होती, तेही छानच. गोरेगावात बाजाराचा दिवस, त्यामुळे रेंगाळलो. पुढे धानाच्या बांध्या, मग कोहमाऱ्याला हायवे. जेवण देवरीला धरा. मध्ये जंगल आहे, हॉटेलं विरळ.

एकेक ठिपका बरोबर निघत होता आणि माझं तोंड उतरत होतं.

"बरं नाही का तुला?" वैशालीने विचारलं.

"ऊन लागलं."

देवरीच्या अलीकडे सगळ्यात दाट ठिपके एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर होते. इथे गाड्या कशा आदळतील? वैशाली फोनवर साहेबांशी बोलत होती, म्हणून मी चहाच्या टपरीवर विचारलं.

"इथं कायले होईन अपघात?" टपरीवाली म्हणाली. "मागं थ्या वळणावर होतेत."

"पण किलोमीटरचा दगड तर हाच आहे."

"हा नवा आहे, बाई. रस्ता रुंद केला तवा जुने काढले अन् नवे पुढं सरकवून लावले."

म्हणजे पोलिसांच्या नोंदींतले आकडे जुन्या दगडांचे होते आणि वैशालीने ते नव्या दगडांवरून मोजले होते. तिच्या नकाशावरून धोक्याचे फलक भलत्याच जागी लागणार होते. मला इतका आनंद झाला की आणखी एक चहा घेतला. आत्ता गप्प बसायचं, बैठकीत सगळ्यांसमोर विचारायचं, असं ठरवून टाकलं.

देवरीला भात-मासळी जेवून परत निघालो तर त्या वळणावर शाळा सुटलेली. सायकली धरून मुली ट्रकांमधली फट शोधत होत्या. शेवटची धावत सुटली. वैशालीने करकचून ब्रेक दाबला. मुलगी पलीकडे पोचली.

"गाडी बाजूला घे," मी म्हणाले. "तुझे ठिपके चुकलेत."

सगळं ऐकून तिने लॅपटॉप उघडला. मग तिथेच बसून ठिपके सरकवत राहिली. परतीच्या रेल्वेत ती म्हणाली,

"बैठकीपर्यंत थांबू शकली असतीस."

"थांबणारच होते."

"तुझ्या जागी मी थांबलेच असते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

बैठकीत तिने माझं नाव घेतलं, टाळ्या मात्र तिलाच पडल्या. घरी आल्यावरही जळजळ गेली नाही. पण फलक आता वळणावर लागणार आहेत, आणि वैशालीही माझ्यावर जळू शकते हे कळल्यापासून ती मला जरा जास्तच आवडू लागली आहे.