कार्टराइट डॉक्टर आणि आमच्या छकड्याचं चाक

आमच्या अनसिंगात गाडीच्या चाकाला प्लास्टर घालून घेणारं एकच घर होतं, आणि ते आमचं.

गोष्ट पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. त्या दिवशी गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत होती. आमची बैलजोडी रिसोडच्या मामाच्या जोडीविरुद्ध पळणार होती. बाबांची आणि मामाची पैज अशी, की हरणाऱ्याने आपला उजवा बैल जिंकणाऱ्याच्या दावणीला बांधायचा. आमचा उजवा म्हणजे पाखऱ्या. (घरात माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त!) आणि नेमका सकाळी शर्यतीच्या छकड्याच्या चाकाचा आरा मोडला. सुतार मालेगावला लेकीकडे गेलेला.

"आता कोणाले बोलावू?" बाबा डोकं धरून बसले.

मी तेव्हा नववीत. गावात इंग्रजी शिकणारी एकटीच मुलगी, म्हणजे स्वतःच्या मते बॅरिस्टरच! मी म्हटलं, "बाबा, दवाखान्याच्या तंबूत थो गोरा डॉक्टर आला ना, त्याचं आडनाव कार्टराइट. मास्तरांनं सांगतलं, त्याचा अर्थ गाड्या घडवणारा. साहेब जातीचा सुतार हाये!"

"मंग आधी काहून नाही बोलली, पोट्टे?"

सुताराला बोलवायची रीत बाबांनी चोख पाळली. सुपात ज्वारी, वर नारळ, आणि गड्याच्या डोक्यावर चाक. तंबूपुढे रोग्यांची रांग होती. बाबांनी चाक थेट सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं!

साहेब हसून हसून लाल झाला. मग त्याने समजावलं आणि मी भाषांतर केलं: शेकडो वर्षांमागे त्याच्या देशात एकेका गावात एकाच नावाची पाच-पाच माणसं असत. ओळख पटावी म्हणून नावापुढे धंदा जोडला. पुढे पोरांनी आडनाव ठेवलं आणि धंदा सोडला. त्याचा बाप शिक्षक होता, आजोबा चहा विकायचे.

"नाव ठेवलं अन् काम सोडलं?" बाबा चक्रावले. "आमच्या इकडं काम सोडतो म्हटलं तरी गाव सोडू देत नाही! साहेबाले म्हणा, हात तं लावून पाहा. रक्त कुठं जाते?"

साहेबाने आऱ्यावरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "फ्रॅक्चर." मग बांबूच्या कामट्या बांधल्या, पट्ट्या भिजवून गुंडाळल्या आणि ऐटबाज पांढरं प्लास्टर घातलं.

"सहा आठवडे हलवायचं नाही," सवयीने तो बोलून गेला.

"साहेब, दुपारी पळवायचं हाये!" बाबा ओरडले.

आणि पळवलं! पाखऱ्या असा सुटला की चाकातून पिठाच्या गिरणीसारखा पांढरा धुरळा उडाला. मामाची जोडी बरोबरीला आली, मागे पडली, पुन्हा आली... आणि आमचा छकडा आधी पार झाला. त्यानंतरच आरा कडाडकन निखळला!

"हे चालणार नाही!" मामा पंचांवर धावून गेला. "यायचं चाक दवाखान्यातलं हाये!"

"बैल तं घरचेच हायेत ना?" पंच म्हणाले.

मामाचा उजवा बैल आमच्या दावणीला आला. सुगीत बाबांनी साहेबाला सुताराचा वाटा म्हणून ज्वारीचं पोतं पोचवलं, आणि इंग्रजी आडनावं जाणणारी म्हणून माझा गावभर बोलबाला झाला.

पुढच्या वर्षी नवा गोरा डॉक्टर आला. त्याचं आडनाव बुचर, म्हणजे सरळसरळ खाटीक! अख्खी रांग माझ्याकडे वळून विचारू लागली, "बाई, याचा अर्थ काय व?"

मी म्हटलं, "मले कायचं इंग्रजी येते!"