जुगार न्हाई, गेम

दवाखान्याची आशाताई फारम घिऊन आमच्या चाळीत आली तवा आमी चौघीजनी नळापाशी व्हतो, पोरगं माज्या कमरंवर. तिनं इचारलं तंबाखू कोन खातं, दारू कोन पितं, आनि शेवटाला इचारलं, घरात जुगार कोन खेळतं का. सगळ्या हसल्या. घरमालकीन मावशी म्हनली, "आगं बाई, जुगार खेळाया आमी काय बंगलेवाले हाय का लोनावळ्याचे." येकीमागं येक सगळ्यांनी न्हाई सांगितलं. मी बी न्हाई सांगितलं. ताईनं खुना केल्या नि गेली फुडं.

घरात आले नि असा राग आला की हातातली घागर आपटली. मावशीचा राग, त्या दोघींचा राग, नि सगळ्यात जास्ती माजा मला. कारन मावशीचा म्हातारा, आबा, सकाळच्या चापासनं पायरीवर बसून मोबाईलात लाल का हिरवा म्हनून पैसं लावत बसतो. शेजारनीचा नवरा म्याचवर लावतो. तिसरी तर सोताच लावती, भाकरी थापता थापता, पीठाच्या बोटानं. पर जुगार कोनीच खेळत न्हाई. जुगार म्हंजे जत्रंत चादर टाकून बसत्यात, पोलीस आलं की पळत्यात, ते. ही गेम हाय. गेम म्हनलं की कसं लहान पोरागत वाटतं, त्याला कोन काय बोलनार.

माजा नवरा हितंच वराळ्याला कंपनीत ठेक्यावर हाय. त्याच्या गेममदी इमान उडतं. वर वर जातं तसं लावल्यालं पैसं वाढत्यात, नि ते गायब व्हायच्या आत बोट दाबायचं, बस येवढंच. जेवताना बी इमान, संडासात बी इमान. मदी सरकारनं बंद केलं म्हनून टीव्हीवर आलतं, मी देवाफुडं साखर ठिवली. दोन दिसात कंपनीतल्या कोनी लिंक धाडली नि झालं परत सुरू.

तरी मी गप व्हते. पर आदल्या दिवशी जे झालं ते मी कोनालाच सांगितलं नव्हतं. मला कामशेतला चिक्कीच्या पॅकिंगचं काम लागलं व्हतं, सोमवारपासनं जायचं. माजी सकाळची पाळी, त्याची दुपारची, मंग सकाळी पोराला तोच बघनार आसं ठरलेलं. माजी आय वडिवळ्याला, तिला भातातनं सवड न्हाई, दुसरं कोन येनार. म्हनलं येकदा करून तर बघू, म्हनून पोराला त्याच्यापाशी ठिवलं नि दळान आनाया गेले. आर्धा तास बी न्हाई. आले तर दार उघडं नि माजं धा म्हयन्याचं लेकरू रांगत रांगत पार रस्त्याच्या कडंला, हातात खडी, नि वाळूचा टेम्पो रिवस घेत मागं येतोय. माज्या डोक्यावरचं पीठ कुटं पडलं मला ठावं न्हाई. पोराला उचललं नि घरात गेले, तर हा खाटंवर, डोळं मोबाईलात. मान वर न करता म्हनतो, "थांब, उडतंय." मी म्हनले पोरगं रस्त्यावर व्हतं. तर म्हनला, "हितंच तर व्हतं की आत्ता."

ते आठवलं नि मी तशीच पोराला घिऊन ताईच्या मागं पळाले. ती देवळाच्या वळनावर गावली. मला धड बोलता येईना, दम लागलेला. म्हनले ताई, माजं 'न्हाई' खोडा, 'व्हय' लिवा. आमच्याकडं गेम खेळत्यात, तोच जुगार हाय, आख्ख्या चाळीत हाय, तुमी गेम म्हनून इचारा, मंग बघा.

ताईनं फारम उलटून बघितलं. म्हनली, "फॉर्मवर जुगारच छापलंय गं. सकाळपासून हिंडतेय, पहिलं होय तुझंच." मंग तिनं इचारलं, त्याच्यामुळं घरात काय त्रास व्हतो का.

तेवढ्यात नवरा आलाच मागनं, आठवड्याची सुट्टी व्हती त्याला, कोनीतरी सांगितलं आसंल. "काय सांगतीस गं तिला? दोन डाव खेळलो म्हंजे जुगारी झालो व्हय मी?" म्हनला नि ताईकडं बघून हसला, मी येडी आसल्यागत. मोबाईल हातातच, उजेड चालू.

मला त्याची भीती वाटती. हात उगारत न्हाई, पर आठ आठ दिस बोलत न्हाई, नि आठवी शिकलेली बाय पोराला घिऊन जानार कुटं, हे त्याला बी ठावं हाय नि मला बी. पर मी त्याच्याकडं न बघता ताईला म्हनले, "पोरगं बापापाशी ठिवता येत न्हाई, आसं लिवा."

त्याचं हसू गेलं. ताई म्हनली तसा रकाना नाही. मी म्हनले कडंला लिवा. तिनं कडंला बारीक अक्षरात लिवलं, नि मी वाचलं, येक येक अक्षर लावून वाचलं. तो घराकडं निघून गेला.

ताईनं त्याच्या पाठीकडं बघितलं नि हळूच इचारलं, घरी काही होणार असेल तर खोडू का. मला लय भ्या वाटलं. तरी मी न्हाई म्हनले. मंग तिलाच इचारलं, वडिवळ्याला आयकडं जायाला कामशेतची गाडी आता किती वाजता हाय.