फोन चालूच झाला नव्हता

नव्या फोनला आवाज नाही म्हणून मी शहापुरातल्या मोबाइलवाल्याशी भांडायला गेलो. त्याने स्पीकरवरचं प्लास्टिक सोललं आणि माझ्या हातात ठेवलं. हा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. बोलतो तेही फोनकडे बघून.

मुरबाडच्या एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांनी आरोपीचा फोन उघडायला याच्याकडेच आणला होता. "फोन चालूच नाय झाला," असं त्याने कोर्टात सांगितलं. पेपरात मात्र फोनमध्ये मारहाणीचा व्हिडिओ सापडल्याचं छापून आलं. निकाल अजून लागायचाय, पण जामिनावर सुटलेल्या त्या किन्हवलीच्या मजुराला आता कोणी कामावर घेत नाही.

तेव्हापासून हा प्रत्येक गिऱ्हाइकाला, कोणी न विचारता, दमल्या आवाजात खरं काय ते सांगतो. परवा दुकान बंद ठेवून एसटीने किन्हवलीला गेला आणि नाक्यावर उभा राहून सांगून आला.

"ऐकलं का कोणी?" मी विचारलं.

"ऐकलं ना. एक जण बोलला, आलाच हाय तर माझापन फोन बघा."

"मग?"

"बघितला."

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्हाला पटलं ना त्याचं? मग तुम्ही आपल्या ग्रुपवर टाकलेली ती व्हिडिओची बातमी अजून तिथेच कशी?"