खोकला झालेला रानकोंबडा

एखाद्याच्या हातून आधीच सुटून गेलेली गोष्ट त्याने आपल्याला भेट म्हणून दिली, तर ती भेट खरी मानायची का? पंधरा दिवस विचार करतेय... मला उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

होळीला घरी गेले होते. आमचं गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. घरात पहिली बी.एस्सी. झालेली मीच, त्यामुळे आमच्या कॉलेजच्या मॅडमनी पक्ष्यांच्या नोंदींचं काम दिलंय आणि त्यांची दुर्बीणही. होळीच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वही घेऊन निघाले. मोहाची फुलं पडायला लागली की रानकोंबडे तिथे हमखास येतात.

हे मला पुस्तकातून नाही कळलेलं, बाबांकडून कळलंय. माझे बाबा तिरकामठ्याने रानकोंबडा मारायचे. दोघं भाऊ जायचे. काका मादीचा आवाज काढायचा, नर धावत यायचा आणि बाबा तीर सोडायचे. आमच्या घरात एक नियम होता... ज्यानं बोलावलं, त्यानं मारायचं नाही. आपण हाक मारली म्हणून जो आला, तो पाहुणा. म्हणून शिकारीला कायम दोघं लागायची.

गेल्या वर्षी माझा रिझल्ट लागला तेव्हा बाबांनी विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, साडी नको, घड्याळ नको, शिकार सोड. कायद्याने बंदी आहे, शिवाय फाल्गुन-चैत्रात तर त्यांची अंडी घालायची वेळ. बाबा म्हणाले, "दिला शब्द." तिरकामठा भिंतीवर टांगला. मी हॉस्टेलमध्ये जाऊन सगळ्या मैत्रिणींना हे अभिमानाने सांगितलं होतं.

तर त्या सकाळी मोहाखाली बसले होते आणि पलीकडच्या कारवीच्या झुडपांतून मादीचा आवाज आला. कुट... कुट-कुट. इतका स्वच्छ की मी वहीत वेळ लिहूनही टाकली. लहानपणी काकाकडून मीही आवाज काढायला शिकले होते. म्हटलं, नर होऊन साद घालावी, मादी बाहेर येईल आणि नीट बघता येईल. तोंडापुढे तळवे धरून आवाज दिला.

लगेच उत्तर आलं! मी पुन्हा दिला... पुन्हा उत्तर. मी थोडी पुढे सरकले, ती थोडी पुढे सरकली. अर्धा तास आमचं असं चाललं होतं. मी वहीत 'अत्यंत धीट मादी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग कारवी हलली. आधी तिरकामठ्याचं टोक दिसलं आणि त्याच्या मागे माझे बाबा!

दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्यांच्या हातात तिरकामठा, कमरेला एक तीर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "तू शब्द दिला होतास बाबा," मी म्हटलं.

बाबा दगडावर बसले. "तरी म्हणलं, या कोंबड्याला खोकला झालाय का काय."

"विषय बदलू नको."

"बदलत नाय. सुमे, मी आता काय करीत व्हतो?"

"मादीचा आवाज काढत होतास."

"मग? ज्यानं बोलावलं त्यानं..." ते थांबले. नियम मला पाठ होता. बोलावणारे तेच, तर मारणार कोण? काका चार वर्षांपूर्वी ओझरला कंपनीत लागला. तेव्हापासून बाबांना जोडीदारच नव्हता. म्हणजे चार वर्षांत त्यांनी एकही पक्षी मारलेला नव्हता. मी हॉस्टेलला, मला कोण सांगणार! नुसते येऊन बसायचे, बोलवायचे, कोंबडा आला की बघायचे आणि घरी जायचे.

"मग तीर कशाला आणतोस?"

"तीर नसला तर ती नुसती काठीच की."

"आणि मी मागितलं तेव्हा का नाही सांगितलंस, आधीच सुटलंय म्हणून?"

यावर मात्र ते हसले नाहीत. कमरेचा तीर काढून त्याच्याशी चाळा करत राहिले. "तू एवढ्या हौसेनं मागितलंस... लय मोठी वस्तू मागतेय असं तोंड केलं व्हतंस. ती माझ्याकडं नाय, असं कसं म्हणू? दुसरं द्यायला तरी काय व्हतं?"

वर्षभर मी त्यांच्या त्यागाच्या गोष्टी सांगत फिरत होते. आणि हा माणूस दर फाल्गुनात एकटा कारवीत बसून भावाच्या वाटणीचा आवाज काढत होता...

येताना वहीतली 'धीट मादी' खोडली. बाबांनी ती नोंद आईला वाचून दाखवायला लावली. आई अजून हसतेय.

गेल्या रविवारी मी मुद्दाम पुन्हा गावी गेले. म्हटलं, बाबा, शब्द तुला परत. आजपासून तुझी जोडीदार मी... पण तू बोलवायचं, तीर माझ्याकडे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि तिरकामठा नि तीर माझ्या हातात दिला.

बाबांनी तीन वेळा हाक दिली. कोंबडा आला, खराखुरा. मानेवर पिवळे-पांढरे ठिपके, काळी चकचकीत शेपूट, ऐटीत चालत बारा पावलांवर. बाबा कुजबुजले, "सोड की." मी म्हटलं, "नेम लागत नाही." कोंबड्याने पोटभर मोहाची फुलं खाल्ली. बाबा इतके खूश होते, जसा काही तो त्यांनी स्वतः वाढवलाय.

तिरकामठा बाबांकडेच ठेवलाय. तीर मी नाशिकला घेऊन आले. माझ्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटायची, तिला तो आडवा अडकवून टाकलाय.