कडीवरचं हेल्मेट

हेल्मेटच्या आतल्या पट्ट्याला घामाचा आणि लोखंडाचा वास येतो, तो आला की मला बाबांची एक दुपार आठवते. स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत ठरलेलंच होतं: दाराच्या कडीला हेल्मेट टांगलेलं दिसलं, की आत नाइट शिफ्टवाला झोपलाय. भाजीवालासुद्धा आवाज न देता पुढे जायचा. त्या दुपारी, निवडणुकीच्या प्रचारात, बाहेरून आणलेला खासदारकीचा उमेदवार ढोल वाजवत आला, त्यानं आमच्या कडीवरचं हेल्मेट काढून स्वतःच्याच डोक्यावर घातलं, फोटो काढून घेतले आणि दार ठोठावलं. बाबा लालभडक डोळ्यांनी बाहेर आले. "मैं तो आपके ही घर का बेटा हूँ," म्हणत तो त्यांच्या पाया पडला. तो गेल्यावर आई भडकली, "याले कडीवरचं हेल्मेट समजत नाही, हा आमाले काय समजन? दुसऱ्याले द्या मत." बाबा पुन्हा आडवे होत म्हणाले, "काल तू सिविक सेंटरच्या बाजाराले गेल्ती, तवा दुसरा येऊन गेला. त्यानंबी मले असंच उठवलं." आता नाइट मी करतो. परवा प्रचाराचा ढोल गल्लीत शिरला, तसा मी उठलो, कडीवरचं हेल्मेट आपल्याच हातानं काढून आत घेतलं आणि दार वाजायची वाट पाहत बसलो.