डुप की आणि चार गावांचा ऊस

"डुप की कुणी दाबली?"

दीक्षित साहेबांनी प्रिंटआउटचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि थेट माझ्याकडे बघितलं. शेजारी शालन बसली होती, पण तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बॅचच्या कव्हरवर सही माझी होती.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर ब्युरो होता. ज्या कारखान्यांना स्वतःचं मशीन परवडत नसे, त्यांचं काम आम्ही करून द्यायचो. दीक्षित साहेब मॅनेजर. त्यांच्या हाताखालची पदं उतरत्या क्रमानं अशी: सिस्टीम ॲनालिस्ट म्हणजे गिऱ्हाइकाकडे जाऊन काम समजून घेणारा. प्रोग्रामर म्हणजे ते काम मशीनला कळेल असं लिहून देणारा. ऑपरेटर म्हणजे मशीन चालवणारा. आणि सगळ्यांत खाली आम्ही, डेटा एंट्रीच्या मुली. ॲनालिस्टची जागा रिकामीच होती, ते काम दीक्षित साहेब स्वतःच उरकून टाकत. आमच्या भिंतीवर एक पाटी होती, 'फॉर्मवर आहे तेच टाइप करा.' आम्हाला विचार करायचा पगार नाही, असं शालन त्या पाटीकडे बघून म्हणायची.

एक मुलगी फॉर्म टाइप करायची, मग तोच फॉर्म दुसरी पुन्हा टाइप करायची. दोघींच्यात फरक पडला की मशीन अडून बसायचं. याला व्हेरिफिकेशन म्हणत. आणि कीबोर्डवर एक डुप की होती. आधीच्या फॉर्मवर जे होतं तेच या फॉर्मवर असेल, तर ती दाबायची. गावाचं नाव शंभर वेळा टाइप करण्यापेक्षा एक बोट पुरायचं.

काम होतं एका साखर कारखान्याचं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची यादी. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी त्याची तोड आधी, असा साधा नियम. पूर्वी ही यादी माणसं करायची आणि त्यावरून गावोगाव भांडणं व्हायची, म्हणून त्या वर्षी चेअरमननी यादी कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं होतं.

पहिल्याच वर्षी बोंब झाली. कर्नाटकाच्या सीमेलगतची चार गावं यादीत पार शेवटी गेली. तिथल्या उसाला तुरे आले होते. तुरा आलेला ऊस उभा ठेवला की आतून पोकळ पडतो आणि वजन घटतं. शेतकरी कारखान्याच्या गेटवर येऊन बसले. चेअरमननी दीक्षित साहेबांना फोनवर सांगितलं, चार दिवसांत निकाल लावा, नाहीतर काम काढून घेतो.

"एकशे ब्याऐंशी शेतकरी," दीक्षित साहेब म्हणाले, "आणि सगळ्यांची लागणीची तारीख एकच. जुलैमधली. चार गावं एका दिवशी ऊस लावतात का, नसीम?"

"नाही साहेब."

"मग? डुप की दाबत बसलीस ना?"

खोटं कशाला बोलू, डुप की मी दाबली होती. समोरच्या फॉर्मवर तीच तारीख दिसत होती म्हणून दाबली होती, एवढं मला आठवत होतं. पण एकशे ब्याऐंशी वेळा बघूनच दाबली का, हे छातीवर हात ठेवून सांगता येईना. माझं प्रोबेशन महिनाअखेर संपणार होतं. अब्बा बाईंडिंगचं काम करायचे, पण त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि घरात पगार माझा एकटीचा. मी फार घाबरले होते.

साहेब गेल्यावर मी शालनला धरलं. "तू तरी एकेक आकडा टाइप केलास ना?"

शालन खाली बघून म्हणाली, "मीबी डुपच दाबलो की गं."

कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल अशाच बोलतात, दाबलो, गेलो, आलो. एरवी दीक्षित साहेब तिला त्यावरून चिडवायचे. त्या दिवशी मात्र मला फक्त 'डुपच' एवढंच ऐकू आलं. दोघींनीही डुप दाबली म्हणजे व्हेरिफिकेशनला काही अर्थच उरला नव्हता. आता खरं काय ते फॉर्मच सांगू शकत होते आणि फॉर्म तर कारखान्याला परत गेले होते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "मला फॉर्म बघायचेत."

"डेटा एंट्रीवाले क्लायंटकडे जात नाहीत."

"मग काढून टाकायच्या आधी तरी बघू द्या, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "उद्या सकाळी कारखान्याची जीप येणार आहे. मागे बस."

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात फॉर्म पोत्यात भरून ठेवले होते. मी जमिनीवर बसून गठ्ठे सोडले. पहिला फॉर्म, तीच तारीख. दहावा, तीच. दुपारच्या जेवणापर्यंत मी एकशे ब्याऐंशी फॉर्म बघितले आणि प्रत्येकावर तीच तारीख होती. शेवटचा फॉर्म खाली ठेवला आणि मला रडूच आलं. चूक माझी नव्हती. शालनचीही नव्हती.

"सुटलो," दीक्षित साहेब म्हणाले.

"कसं काय सुटला?" शेतकी अधिकारी कडाडले. "फॉर्म बरोबरच हाईत. आमच्या माणसांनी शेतात जाऊन नोंदी केल्यात. पूर्वी असं कधी झालं न्हाय. हे तुमचं मशीन आल्यापास्नं झालंय."

म्हणजे काम जाणारच होतं आणि कामाबरोबर आम्हीही. मी पुन्हा फॉर्म हातात घेतले. चार गावांचे फॉर्म, पण अक्षर एकाच माणसाचं आणि शाईही एकच. शेतात भरलेल्या कागदाला मातीचं बोट लागतं, घडी पडते. हे फॉर्म कसे कोरेकरकरीत होते.

"हे कुणी लिहिलेत?" मी विचारलं.

कोपऱ्यातले पोवार क्लार्क म्हणाले, "मी लिवलेत. चौगुल्यांच्या डायरीवरनं उतरवलेत." चौगुले म्हणजे त्या चार गावांचे ओव्हरसीअर.

डायरी मागवली. डायरीबरोबर चौगुले आण्णाही आले, उंच, करड्या मिशांचे. डायरीत नावापुढं गट नंबर होता, क्षेत्र होतं, उसाची जात होती. लागणीच्या रकान्यात तारीख नव्हती. तिथं एकच शब्द होता, बेंदूर. खाली सगळीकडं 'वरीलप्रमाणे'च्या खुणा.

"असं का लिहिलंय आण्णा?"

"मग काय लिवायचं? शेतकरी काय तारीख सांगतोय व्हय? बेंदराच्या मागंपुढं लावला म्हंतोय. चार-आठ दिस हिकडं-तिकडं."

"आणि नव्या फॉर्मवर तारीखच पायजे म्हटलंत तुम्ही," पोवार आमच्याकडं बोट दाखवून म्हणाले. "त्या वर्षीचं कॅलेंडर काढलो, बेंदूर कधी हाय बघितलो आणि लिवलो. काय चुकलं?"

बेंदूर म्हणजे बैलांचा सण. बैलांना न्हाऊमाखू घालायचं, शिंगं रंगवायची, पोळी खाऊ घालायची. माझ्या मामांचं गाव गडहिंग्लजच्याही पलीकडं. लहानपणी मी तिथं बेंदराची पोळी खाऊन यायचे आणि महिन्याभरानं पन्हाळ्याकडच्या मावशीकडं पुन्हा खायचे. ते आठवलं आणि मी आण्णांकडं वळले.

"आण्णा, तुमच्या चार गावांत बेंदूर कधी असतो?"

"कवा म्हंजे? ज्येष्ठी पुनवंला. आमच्यात कर्नाटकी बेंदूर."

"आणि पोवार, तुमच्यात?"

"आमच्यात आषाढात," पोवार म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी पन्हाळ्याकडला."

मग शेतकी अधिकाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चार गावांतला ऊस कागदावर एका महिन्यानं लहान झाला होता आणि मशीननं त्याला इमानदारीत मागं ढकललं होतं.

दीक्षित साहेब म्हणाले, सोपं आहे, प्रोग्राममध्ये चार गावांचा एक महिना वजा करून टाकू. मी नको म्हटलं. साहेबांना कुणी नको म्हणायची ती पहिलीच वेळ असावी. चार-आठ दिवस हिकडं-तिकडं म्हणजे नेमकं किती, ते आण्णांना माहीत होतं, प्रोग्रामला नव्हतं. मग आण्णा दोन दुपारी आमच्या ब्युरोत येऊन बसले. एकेक नाव ऐकून डोळे मिटायचे, शेत आठवायचे आणि सांगायचे, "ह्यानं बेंदराच्या आधी पाच दिस. ह्यो आळशी, ह्याचं नंतर धर." मी टाइप केलं, शालननं व्हेरिफाय केलं. दोघींनीही डुपला बोट लावलं नाही.

चौथ्या दिवशी नवी यादी गेली आणि त्याच आठवड्यात चारही गावांत तोडणीच्या टोळ्या पोचल्या. पोवारांना कुणी शिक्षा केली नाही. आमचाच फॉर्म चुकीचा होता, असं दीक्षित साहेबांनी लेखी दिलं. याबद्दल मला त्यांचा आजही आदर आहे.

महिनाअखेरीस मला पत्र मिळालं. नोकरी कायम, आणि पदाच्या जागी 'ट्रेनी सिस्टीम ॲनालिस्ट'. मी ते अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

पुढं मी याच धंद्यात रिटायर झाले. मशीनं बदलली, भाषा बदलल्या, पदांची नावं तर दर पाच वर्षांनी बदलली. नवीन मुलं मला विचारतात, मॅडम, ॲनालिस्ट व्हायचं तर काय शिकावं लागतं? मी सांगते, भाषा कुठलीही शिका. पण समोर फॉर्म आला की आधी विचारा, हा भरणारा कुठल्या गावचा?