सुधाताईचे केस आणि आमचा प्रॉक्सी

भूत-बित मी मानत नाही. मानायला फुरसतही नाही — दिवसभर मंडीदीपच्या कारखान्यात रुसलेल्या कॉम्प्युटरांची समजूत काढतो, घरी आलो की बायको मिक्सर पुढे करते. तरी हे लिहितोय. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही दोघे भाऊ आईसोबत भोपाळला, बाग सेवनियात राहतो. आमची मोठी बहीण, नागपूरची सुधाताई, फोटो झिप करून, म्हणजे एकाच फाइलीत बांधून, आपल्या वेबपेजवर टाकते. आईच्या जुन्या टॅबचा ब्राउझर झिप उघडत नाही, आणि आईला नवा टॅब नको. म्हणून घरच्या जुनाट कॉम्प्युटरवर मी प्रॉक्सी बसवला. मधला माणूसच तो... ब्राउझरनं फाइल मागितली की हा आणतो, उघडतो, फोटो एकाखाली एक मांडून देतो.

एका रविवारी जेवताना आई म्हणाली, "सुधानं केस कापले की रे! पार मानेपर्यंत. टॅबवर बघितले मी."

दादाचा घास थांबला. ताईची वेणी म्हणजे आमच्या घराण्याची शान! त्यात आई हल्ली चष्मा, किल्ल्या विसरायची.

"आई, उद्या डॉक्टरकडे चक्कर मारू," दादा म्हणाला. "नुसतं चेकअप."

"तुझं डोकं तपासून घे आधी. मी बघितलंय."

मी टॅब पाहिला. नवीन काहीच नव्हतं. ताईला फोन लावला.

"ताई, केस कापलेस?"

"तुला कुणी सांगितलं रे? आत्ता पार्लरच्या खुर्चीत बसलेय, अजून कात्री लागायचीय. रिटायर झाले म्हणून माझं मलाच गिफ्ट. घरात कुण्णाला बोलले नाही!"

झिप आली संध्याकाळी. केस मानेपर्यंत.

"योगायोग," दादा म्हणाला. "आणि तो डब्बा बंद कर यार."

मी सगळं तपासलं. जुनी साठवलेली फाइल? नाही. दुसऱ्या कुणाचा फोटो? तोही नाही. जी फाइल तयारच झाली नव्हती, ती प्रॉक्सीनं उघडली कुठून? मला आजही सांगता येत नाही. डब्बा मात्र चालूच राहणार.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "दाढी शोभते हो तुला त्या फोटोत. पांढरी आहे, पण शोभते."

मी जन्मात दाढी ठेवलेली नाही. दादानं लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, पुढच्या महिन्याची.

तेव्हापासून माझा रेझर कपाटात आहे. खाज सुटते, बायको हसते, साहेब विचारतात, "तब्येत ठीक है?"

विचारू देत. डॉक्टरच्या तारखेआधी आईचं म्हणणं खरं ठरायला हवं. वाढवणार म्हणजे वाढवणार.